वेट कर्सर मधेच बाण का होतो आणि कधी कधी अडकून का राहतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेसाठी सी शार्प आणि विनफॉर्म्समध्ये लिहिलेलं डेस्कटॉप सॉफ्टवेअर. महिनाअखेरीला 'व्याज आकारणी' बटण दाबलं की काही हजार खात्यांवर एक लूप चालतं, त्याला तीस-चाळीस सेकंद लागतात. तेवढा वेळ वेट कर्सर (थांबा सांगणारं फिरतं चक्र) दिसावा म्हणून क्लिकच्या पहिल्या ओळीत 'कर्सर.करंट' वापरून कर्सर बदलला, शेवटच्या ओळीत पूर्ववत केला. तरी कधी तो मधेच बाण होतो, कधी काम फसलं की चक्र तसंच फिरत राहतं, आणि बऱ्याचदा विंडो पांढरी पडून शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. शेवटी जाता जाता लिहिलंय की क्लार्कने घाईत दोनदा दाबलं तर व्याजही दोनदा पडतं.

ही शेवटची ओळ खरं तर पहिली हवी होती. तिच्याकडे येतोच, पण ती समजायला कर्सर कोण ठरवतं हे आधी पाहावं लागेल.

विंडोजमध्ये कर्सर एकदा सांगितला की सांगून झाला, असं नसतं. माउस हलला की ज्या विंडोवर तो आहे तिला 'डब्ल्यूएम सेटकर्सर' हा मेसेज जातो. म्हणजे विंडोज दर वेळी नव्याने विचारतं की इथे काय दाखवू? विनफॉर्म्स त्या कंट्रोलची (म्हणजे बटण, टेक्स्टबॉक्स अशा घटकाची) 'कर्सर' प्रॉपर्टी बघून उत्तर देतं. तुम्ही वापरलेलं 'कर्सर.करंट' या सगळ्याला वळसा घालून त्या क्षणी चित्र बदलतं, बस. ते कुठे नोंदलं जात नाही. पुढचा मेसेज हाताळला गेला की कंट्रोल आपलं नेहमीचं उत्तर देतो आणि बाण परत येतो.

मग तुमच्याकडे काही वेळा तरी चक्र का टिकतं? कारण यूआय थ्रेड (विंडो रंगवणं आणि मेसेज हाताळणं हे काम करणारा धागा) तुमच्या लूपमध्ये पूर्ण अडकलेला असतो, मेसेज उचलायला कोणी नसतं, म्हणून बदललेलं चित्र तसंच राहतं. लूपच्या मधे कुठेही मेसेज हाताळले गेले की खेळ संपला. मेसेजबॉक्स उघडला, एखादा मोडल फॉर्म आला, की बाण. आणि सगळ्यात नेहमीचा संशयित म्हणजे 'डूइव्हेंट्स', थांबलेले मेसेज मधेच हाताळून घेणारी आज्ञा. 'इतकी खाती झाली' हा आकडा लेबलवर पळताना दिसावा म्हणून तुमच्या लूपमध्ये ते असणार, पैज लावतो. आकडा दाखवण्यासाठी त्याची गरजच नाही. लेबलवर 'रिफ्रेश' बोलावलं की ते जागच्या जागी रंगवलं जातं, मेसेजची रांग उपसावी लागत नाही. डूइव्हेंट्स मात्र रांगेतलं सगळं उपसतं, त्यात बटणावरचा दुसरा क्लिकही आला. म्हणजे व्याज आकारणीच्या पोटात दुसरी व्याज आकारणी सुरू होऊ शकते, किंवा कोणी फुलीवर क्लिक केलं तर फॉर्म बंद झालेला आणि लूप अजून चालूच. डूइव्हेंट्स दिसलं की काढून टाका. चालढकल नको.

चक्र अडकून राहण्याचं कारण साधं आहे: शेवटच्या ओळीपर्यंत कोड पोहोचलाच नाही. डेटाबेसचं कनेक्शन तुटलं, एक्सेप्शन (काम तिथेच तोडणारी चूक) वर गेली, आणि पूर्ववत करायची ओळ वाटेतच राहिली. (नुसत्या 'कर्सर.करंट'ने हे सहसा होत नाही, माउस हलवला की सुटतं. म्हणजे कुठेतरी फॉर्मची 'कर्सर' प्रॉपर्टी किंवा 'यूजवेटकर्सर'ही लावलेलं असणार, शोधा.) पूर्ववत करणं नेहमी 'फायनली'मध्ये, म्हणजे 'ट्राय'मधलं काम फसलं तरी चालतोच त्या भागात. डेल्फी या प्रोग्रॅमिंग साधनाच्या काळातले लोक 'स्क्रीन.कर्सर'ला सीआर-अवरग्लास (वाळूच्या घड्याळाचा कर्सर) दिला की पुढच्याच ओळीला हात न थांबता 'ट्राय' लिहायचे, ती सवय आजही तितकीच कामाची आहे. सी शार्पमध्ये याहून नीट करायचं तर एक छोटा 'आयडिस्पोजेबल' क्लास लिहा: तयार होताना आधीचा कर्सर लक्षात ठेवायचा आणि वेट कर्सर लावायचा, डिस्पोज होताना लक्षात ठेवलेला परत द्यायचा. मग 'यूजिंग'ची एक ओळ पुरते. 'डीफॉल्ट' परत देऊ नका, आधीचा होता तोच द्या. नाहीतर व्याज आकारणीच्या आतून बोलावलेलं एखादं छोटं फंक्शन आपलं काम झालं म्हणून बाण लावून मोकळं होतं, आणि बाहेरचं मोठं काम अजून अर्ध्यावरच असतं.

आता दोनदा पडणारं व्याज.

वेट कर्सर हे चित्र आहे, कुलूप नाही. चक्र फिरत असताना केलेले क्लिक हरवत नाहीत, ते रांगेत जाऊन बसतात. पतसंस्थेतली एकच खिडकी समजा: कारकून मान खाली घालून हिशेब करतोय म्हणून बाहेरची रांग घरी जात नाही, तो मान वर करेपर्यंत थांबते. तुमचा क्लिक हँडलर (बटण दाबल्यावर चालणारा कोड) संपला, यूआय थ्रेड मेसेज लूपवर परत आला, की रांगेतला दुसरा क्लिक समोर येतो आणि बटण पुन्हा 'दाबलं' जातं. कीबोर्डचंही तेच. डेटा एंट्रीला बसलेली माणसं माउसला कमी आणि एंटरला जास्त हात लावतात, आणि बटण फॉर्मचं 'ॲक्सेप्टबटण' (एंटर मारला की दाबलं जाणारं) असेल तर अधीरपणे मारलेले दोन एंटर म्हणजे आणखी दोन आकारण्या.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे हँडलरच्या सुरुवातीला बटण डिसेबल करायचं आणि शेवटी इनेबल. तो चालत नाही, आणि का चालत नाही हे बारकाईने बघण्यासारखं आहे. पहिल्या ओळीला बटण डिसेबल झालं. काम सुरू झालं, थ्रेड अडकला. पाचव्या सेकंदाला क्लार्कने पुन्हा क्लिक केलं, ते रांगेत गेलं. ते कोणत्या कंट्रोलसाठी आहे हे मेसेज उचलताना ठरतं, आणि उचलणारा तर अडकलेला आहे. काम संपलं. शेवटच्या ओळीला तुम्ही बटण इनेबल केलं. हँडलर संपला, लूपने रांगेतला क्लिक उचलला, आणि त्याला समोर दिसलं इनेबल असलेलं बटण. बटण डिसेबल होतं त्या काळात एकही मेसेज तपासला गेला नाही, त्यामुळे ते डिसेबल करणं नुसतं दिखाऊ ठरलं. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, कारण आपण स्वतः एकदाच दाबतो आणि शहाण्यासारखे थांबतो.

डिसेबल खरंच लागू व्हायचं असेल तर ते लागू असताना मेसेज लूप चालू राहायला हवं. म्हणजे काम यूआय थ्रेडवरून हलवायला हवं. 'नॉट रिस्पॉन्डिंग'ची वाटही इथूनच जाते. एखादी विंडो पाच सेकंद मेसेज उचलत नसेल तर विंडोज तिला अडकलेली समजतं, तिच्या जागी तिचीच एक नक्कल उभी करतं (याला 'घोस्ट विंडो' म्हणतात, म्हणजे भूतच) आणि शीर्षकात ते दोन शब्द टाकतं. नक्कल हलवता येते, बंद करता येते. 'बंद करा' म्हटलं की तुमचा प्रोग्रॅम आकारणीच्या मधोमध मारला जातो. हे तुमच्या मशीनवर दिसत नाही आणि ग्राहकाकडेच दिसतं, असं वाटत असेल तर तो भास नाही: प्रोग्रॅम डिबगरखाली चालू असताना विंडोज ही नक्कल उभी करत नाही. तेव्हा असली चाचणी व्हिज्युअल स्टुडिओतून एफ-फाइव्ह दाबून करू नका, ईएक्सई थेट चालवा. नक्कल बंद करणारा एक विन-थर्टीटू कॉल आहे, तो कोणी सुचवेल. नका वापरू. विंडो अडकलेली राहतेच, फक्त वापरणाऱ्याला ते कळेनासं होतं.

तर योग्य रचना अशी. क्लिक हँडलर 'असिंक' करा. फॉर्मवरचे सगळे कंट्रोल एका पॅनेलमध्ये असू द्या आणि काम सुरू करण्याआधी ते पॅनेल डिसेबल करा. फॉर्मच्या 'कर्सर' प्रॉपर्टीला वेट कर्सर द्या. मग 'टास्क.रन'मध्ये आकारणी देऊन तिच्यावर 'अवेट' करा. 'फायनली'मध्ये फॉर्मचा कर्सर आणि पॅनेल पूर्ववत. एवढंच. अवेटपाशी हँडलर थांबतो पण थ्रेड मोकळा होतो, मेसेज लूप चालू राहतं, अधीर क्लिक उचलले जातात, डिसेबल पॅनेलवर आपटून वाया जातात, आणि विंडो पांढरी पडत नाही. एक्सेप्शन आली तर ती अवेटपाशीच पुन्हा वर येते, त्यामुळे ट्राय-कॅच नेहमीसारखं लिहिता येतं. हे सी शार्पमध्ये 2012 पासून आहे. जुन्या डॉट नेट 3.5 वर अडकलेले असाल तर 'बॅकग्राउंडवर्कर' वापरा. दिसायला जुनाट आहे, काम चोख करतो.

पॅनेलच का, पूर्ण फॉर्म का नाही? कारण अख्खा फॉर्म डिसेबल केला की त्यावर वेट कर्सर दिसत नाही, बाणच राहतो, आणि लोक तासभर 'कर्सर का बदलत नाही' म्हणत बसतात. पॅनेल डिसेबल असेल तर माउसचा मेसेज त्याच्या मागच्या इनेबल पालकाकडे, म्हणजे फॉर्मकडे जातो, आणि फॉर्म वेट कर्सर सांगतो. यात आणखी एक कटकट आपोआप मिटते. टेक्स्टबॉक्सचा स्वतःचा आय-आकाराचा कर्सर असतो, तो फॉर्मकडून वारसा घेत नाही. त्यामुळे नुसता फॉर्मचा कर्सर बदलला तर बॉक्सवर माउस गेला की वेट कर्सर गायब होतो. डिसेबल पॅनेलमधल्या बॉक्सला विचारलंच जात नाही, सगळी उत्तरं फॉर्म देतो. आणि हो, फॉर्मची 'कर्सर' प्रॉपर्टी बदलली की माउस फॉर्मवर असल्यास चित्र लगेच बदलतं. 'ॲप्लिकेशन.यूजवेटकर्सर'चं तसं नाही. ते सगळ्या उघड्या फॉर्मना लागू होतं खरं, पण माउस हलेपर्यंत डोळ्यांना काही दिसत नाही. बटण दाबून माणूस हात तसाच ठेवून बसतो, त्यामुळे नेमक्या हव्या त्या क्षणी ते उपयोगाचं नसतं. पॅनेल पुन्हा इनेबल केल्यावर फोकस कुठे होता तिथे परत द्या, नाहीतर कीबोर्डवाले वैतागतील.

टास्कच्या आतून कंट्रोलला हात लावू नका. लेबलचा आकडा बदलायचा तर 'प्रोग्रेस' ऑब्जेक्ट यूआय थ्रेडवर तयार करून आत द्या, तो आकडा बरोबर जागी पोहोचवतो. इथेही डिबगरची गंमत उलटी आहे: दुसऱ्या थ्रेडवरून कंट्रोलला हात लावला तर येणारी 'क्रॉस-थ्रेड' एक्सेप्शन साधारणपणे डिबगरखालीच येते. ग्राहकाकडे तीच चूक गुपचूप खपते, आणि मग कधीतरी भलतंच काही बिघडतं.

काम यूआय थ्रेडवरून हललं की फॉर्मची फुली चालू होते हे विसरू नका. 'फॉर्मक्लोजिंग'मध्ये काम चालू आहे का बघा, असेल तर बंद होणं रद्द करा आणि 'आकारणी चालू आहे' असं सांगा. आणि चाळीस सेकंदांच्या कामाला 'थांबवा' बटण द्या. ते पॅनेलच्या बाहेर ठेवा, त्याची 'कर्सर' प्रॉपर्टी स्वतंत्रपणे बाणाची ठेवा. ज्या बटणावर क्लिक करता येतं त्यावर चक्र फिरताना दाखवणं म्हणजे एका हाताने बोलावून दुसऱ्याने ढकलणं. लूपमध्ये दर काही खात्यांनी 'कॅन्सलेशन टोकन' (थांबवायला सांगितलंय का हे कळवणारी खूण) तपासा.

आता एक गोष्ट माझ्या बाजूने स्पष्ट सांगतो, कारण असिंकचं कौतुक झालं की लोक सगळंच असिंक करत सुटतात. सेकंद-दीड सेकंदाच्या कामाला एवढा खटाटोप नको. खातेउतारा उघडतोय, एक सेकंद लागतो? 'कर्सर.करंट', 'फायनली', संपलं. रॉबर्ट मिलर यांनी 1968 मध्ये आणि पुढे जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये मांडलेली वेळेची गणितं अजून चालतात: 0.1 सेकंदाच्या आत झालं तर माणसाला ते तात्काळ वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि 10 सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. मी यात पाच सेकंदांची रेघ मिळवतो, कारण ती विंडोजनेच आखली आहे. दोनेक सेकंदांच्या आत असेल तर नुसता कर्सर. त्याच्या पुढे जाण्याची शक्यता असेल (आणि नेटवर्कवरच्या डेटाबेसला ती नेहमीच असते) तर वेगळा थ्रेड. दहा सेकंदांच्या वर प्रोग्रेस बार आणि थांबवायची सोय. चाळीस सेकंद नुसतं चक्र बघत बसलेला माणूस टास्क मॅनेजर उघडणारच, त्याला दोष देता येत नाही.

काम मागे चालू आहे पण माणूस फॉर्मवर दुसरं काही करू शकतो, अशा वेळी पूर्ण चक्र लावू नका. बाण आणि शेजारी छोटं चक्र असा 'ॲपस्टार्टिंग' कर्सर त्यासाठीच आहे. टचस्क्रीनवर मात्र कर्सरच नसतो, तिथे स्टेटस बारवर 'आकारणी चालू आहे…' असे शब्द लागतातच. ते कुठेही लिहिलेले बरे.

आता डेटाबेसकडे बघू. काही हजार खात्यांना चाळीस सेकंद हे मला जास्त वाटतं. प्रत्येक खात्याला वेगळी क्वेरी आणि वेगळा कमिट असेल तर एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक कमिटला लॉग डिस्कवर लिहून झाल्याची वाट बघतो, तुमचा वेळ बहुतेक तिथेच जातोय. पूर्ण आकारणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्यात) घ्या. वेळ कमी होईल हा एक फायदा, आणि मधेच वीज गेली तर अर्ध्या खात्यांना व्याज पडून अर्धी कोरडी राहणार नाहीत, हा त्याहून मोठा. शक्य असेल तर लूपच काढून एका अपडेट-इन्सर्टमध्ये काम बसवा. फक्त 'कमांडटाइमआउट' (एका क्वेरीची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) बघा, तो मुळात 30 सेकंदांचा असतो; आज छोट्या छोट्या क्वेरींमुळे तो आडवा येत नाही, एका मोठ्या क्वेरीला येईल.

आणि दोनदा व्याज पडण्याचा पक्का बंदोबस्त स्क्रीनवर होऊच शकत नाही. दोन टेबलांवरच्या दोन संगणकांवरून दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर कोणता कर्सर आणि कोणतं पॅनेल अडवणार? व्याजनोंदीच्या टेबलवर खाते क्रमांक आणि कालावधी या दोन रकान्यांचा मिळून युनिक इंडेक्स टाका. दुसरा प्रयत्न डेटाबेसच नाकारेल, तुम्ही ती एक्सेप्शन पकडून 'या महिन्याची आकारणी आधीच झाली आहे' असं दाखवा. हे आजच करा, असिंक पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल.

दुसऱ्या साधनांवर काम करणाऱ्यांसाठी चार शब्द. डब्ल्यूपीएफमध्ये 'माउस.ओव्हरराइडकर्सर' आहे, पूर्ववत करताना त्याला 'नल' द्यायचं. क्यूटीमध्ये 'सेट-ओव्हरराइड-कर्सर' हा स्टॅक आहे: जितक्या वेळा लावला तितक्या वेळा 'रिस्टोर' करावा लागतो, आणि लावलेला असताना एररचा संदेश दाखवला तर त्या संदेशाच्या 'ओके'वरही चक्रच फिरतं, म्हणून आधी रिस्टोर, मग संदेश. जावा स्विंगमध्ये 'स्विंगवर्कर'. पायथनच्या टीकेइंटरमध्ये कर्सर बदलल्यावर 'अपडेट-आयडलटास्क्स' बोलावल्याशिवाय बदल दिसत नाही, आणि एंट्री, टेक्स्ट यांचे कर्सर वेगळे असल्याने तिथेही वरचीच टेक्स्टबॉक्सवाली भानगड आहे. मॅकवरचा रंगीत चेंडू आपण लावायचा नसतोच. ॲप मेसेजना उत्तर देईनासं झालं की सिस्टीम तो स्वतः दाखवते. तिथे तो दिसला म्हणजे कोड दुरुस्त करायची वेळ आली एवढं समजायचं.

एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्यांनी विशेष सांभाळावं. 'ॲप्लिकेशन.कर्सर'ला एक्सएल-वेट दिलं की मॅक्रो संपला तरी तो आपोआप परत येत नाही. मॅक्रो मधेच एररवर थांबला की अख्खं एक्सेल चक्र दाखवत राहतं आणि माणूस बिचारा फाइल अडकली म्हणून संगणक बंद करतो. 'ऑन एरर गोटू' लावून शेवटच्या लेबलखाली एक्सएल-डीफॉल्ट द्या. आणि आत्ता कोणाचं तसं अडकलेलं असेल तर व्हीबीए एडिटर उघडून इमिजिएट विंडोत तीच एक ओळ टाइप करून एंटर मारा, फाइल बंद करायची गरज नाही.